मन लाव म्हणजे नेमकं काय लावू?

मंडळी, विषय तुमच्याच गावच्या शिक्षकांनी सुचवला आहे. वर्गात एक पोरगं असं असतं की त्याला सगळं आधीच येतं आणि ते बाकीच्यांना बसू देत नाही. दुसरं एखादं असं असतं की गाडीवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून त्याला येत होतं तेही येईनासं झालेलं असतं. या दोघांना एका वर्गात शिकवायचं कसं? आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर. आम्हाला उपाय कमी आणि शंका फार. म्हणून आम्ही दोन पुस्तकं आणि दोन सिनेमे सोबत घेऊन आलो आहोत. त्यांची समीक्षा करू, आणि त्या वाटेने वर्गाकडे येऊ.

दोन्ही पुस्तकं एकाच माणसाची आहेत. अलेक्झांडर लूरिया, रशियन मानसशास्त्रज्ञ, जन्म 1902, मृत्यू 1977. पहिलं पुस्तक 'द माइंड ऑफ अ निमॉनिस्ट', इंग्रजीत आलं 1968 साली. दुसरं 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड', इंग्रजीत 1972 साली. पहिल्यात काहीही विसरू न शकणारा माणूस आहे. दुसऱ्यात मेंदूत गोळी लागून अर्धंअधिक जग हरवलेला माणूस आहे. एकाच लेखकाने ही दोन टोकं हाताळली, तीही छोट्या, कुणालाही वाचता येतील अशा पुस्तकांत. दोन्ही एका बैठकीत वाचावीत असं आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. एकटं वाचलं की पहिलं चमत्काराचं पुस्तक वाटतं आणि दुसरं शौर्याचं. दोन्ही समज चुकीचे आहेत.

पहिलं घेऊ. शेरेशेव्हस्की नावाचा एक बातमीदार होता. लूरिया त्याला पुस्तकात नुसतं 'एस' म्हणतो. संपादक सकाळी कामं वाटून देई, नावं, पत्ते, सगळं. हा काही टिपून घेत नसे. संपादक रागावला, तेव्हा त्याने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. संपादकाने त्याला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवलं. लूरियाने पुढे सुमारे तीस वर्षं त्याचा अभ्यास केला. आकड्यांचे तक्ते, निरर्थक अक्षरं, न कळणाऱ्या भाषेतल्या ओळी, काहीही द्या, तो म्हणून दाखवी. उलट म्हणे, तिरपं म्हणे, पंधरा वर्षांनीही म्हणे.

आपल्याकडे असा मुलगा निघाला तर काय होईल? स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवतील, चौकात फ्लेक्स लागेल. पण या पुस्तकातला एक प्रसंग ऐका. त्याला एक तक्ता दिला होता. पहिली ओळ 1 2 3 4, दुसरी 2 3 4 5, तिसरी 3 4 5 6, चौथी 4 5 6 7. असंच पुढे. त्याने तो तक्ता नेहमीच्या मेहनतीने, एकेका आकड्याचं चित्र मनात उभं करून पाठ केला. त्यात क्रम आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तुमच्या दुसरीतल्या पोराला जे दिसलं असतं ते त्या महास्मृतीला दिसलं नाही.

हा प्रसंग आम्ही वर्गात पंचवीस वर्षं तरी सांगितला असेल, कारण आपल्या सगळ्या परीक्षाव्यवस्थेवरची टीका त्यात आहे. आपण हुशारी शोधतो म्हणजे बहुतेक वेळा साठा शोधतो आणि वेग शोधतो. किती आठवतं आणि किती लवकर आठवतं. एस या दोन्हींत पहिला आला असता. पण त्याला रूपकं कळायला जड जात, कविता कळत नसे, कारण प्रत्येक शब्दाबरोबर एक हट्टी चित्र उभं राहायचं आणि ते बाजूलाच होत नसे. माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, कारण चेहरा सारखा बदलतो. विसरावं म्हणून त्याने गोष्टी कागदावर लिहून कागद जाळून पाहिले, तर जळलेल्या कागदावरही त्याला आकडे दिसत. आणि सगळ्यात वाईट काय, तर तो जन्मभर वाट पाहत राहिला की आता आपल्या हातून काहीतरी मोठं होणार. नोकऱ्या बदलत गेला, शेवटी रंगमंचावर स्मरणशक्तीचे खेळ करून पोट भरू लागला.

लूरिया त्याला प्रज्ञावंत म्हणून नाचवत नाही, हे त्याचं मोठेपण. पण आमची एक तक्रार आहे. तीस वर्षं लूरियाने त्याला तपासलं. त्याला विसरायला, गाळायला, सार काढायला कुणी शिकवलं का, हा प्रश्न पुस्तकात कुठेच ऐरणीवर येत नाही. एस हा पुस्तकाचा विषय आहे, विद्यार्थी नाही. आणि आपल्या शाळांत हुशार मुलाचं नेमकं हेच होतं. त्याच्याकडून करून दाखवून घेतात. पाहुणे आले की उभं करतात. त्याला शिकवत मात्र नाहीत, कारण 'त्याला येतंच'.

याला अपवाद आहेत, ते सांगितले पाहिजेत. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच. 1969 साली तिची प्रशाला निघाली. पाठांतरापलीकडच्या क्षमता ओळखाव्यात, आणि त्या बुद्धीला समाजाच्या कामाला जोडावं, हे त्यांनी मराठी मुलुखात पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं. आमचा आक्षेप एवढाच, की निवडून वेगळं काढलेल्या मुलांचं भलं होतं, मागे वर्गात उरलेल्या शिक्षकाला त्यातून काय मिळतं? तेल्हाऱ्याच्या पोराला पुण्याला जाता येत नाही. त्याच्या मास्तरला तर मुळीच येत नाही.

अमेरिकेत लेटा हॉलिंगवर्थ नावाच्या बाई होऊन गेल्या. त्यांनी 1920 साली मंदगती मुलांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि 1926 साली प्रज्ञावंत मुलांवर. पुढे 1936 साली न्यूयॉर्कच्या स्पायर स्कूलमध्ये दोन्ही प्रकारच्या मुलांचे वर्ग एकाच शाळेत चालवले. ही दोन कामं म्हणजे दोन वेगळे धंदे नाहीत हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आता दुसरं पुस्तक. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

झासेत्स्की हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चौथ्या वर्षाला होता. युद्ध आलं, 1943 च्या मार्चमध्ये त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला मागच्या भागात गोळी लागली. जगला. पण उजव्या बाजूचं दिसेना. स्वतःचं शरीर कुठे संपतं ते कळेना. अक्षरं गेली. एखादं अक्षर आठवायचं तर मुळाक्षरं पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत जावं लागे. आणि भाषेतले संबंध गेले. 'भावाचे वडील' आणि 'वडिलांचा भाऊ' यांत फरक आहे एवढं त्याला जाणवे, पण कोणता फरक ते पकडता येईना. आपल्याकडे एक आपला बाप आणि दुसरा आपला काका! शब्द दोन्हीकडे तेच. म्हणजे शब्द शाबूत, आणि शब्दांमधला 'चा-ची-चे' मोडलेला. व्याकरण म्हणजे निव्वळ पुस्तकी कटकट असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण वाचावं.

मग एक दिवस त्याला सांगण्यात आलं, अक्षर अक्षर आठवू नकोस, हात न उचलता सरळ लिही. हात चालला! लिहिणं हाताच्या सवयीत शिल्लक होतं. आपण लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे, पण लिहिता येत असे. त्या आधारावर तो पंचवीस वर्षं रोज लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. कधी कधी दिवसभरात अर्धं पान. त्या वहीला त्याने नाव दिलं ते साधारण 'मी लढत राहीन' अशा अर्थाचं.

वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्याही आलं. आणि इथेच हे पुस्तक धोक्याचं आहे. वाचून माणूस म्हणतो, बघा, इच्छाशक्ती! जिद्द पाहिजे! मग आपण आपल्या वर्गातल्या मार लागलेल्या पोराकडे वळतो आणि म्हणतो, तो रशियन करू शकला, तू का नाही? मन लाव.

पण लूरिया काय म्हणतो ते लोक घाईत वाचतात. तो स्पष्ट सांगतो की गोळीने मेंदूचा मागचा भाग फोडला, कपाळामागचा भाग वाचला. आणि ठरवणं, बेत आखणं, त्याला चिकटून राहणं, आपलं चुकलं हे ओळखणं, हे सगळं बरंचसं त्या पुढच्या भागाचं काम. म्हणून झासेत्स्की लढू शकला. त्याची जिद्द खरी होती, पण ती ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन शाबूत होती.

आता आपल्या रस्त्यांवरचे अपघात पाहा. मोटारसायकलवर तिघं, हेल्मेट घरी खुंटीला. डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे हिसकला जातो, आणि बहुतेकदा मार बसतो तो कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांना. म्हणजे ज्याने मन लावायचं तेच जखमी. त्या पोराला 'मन लाव' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'उठ, चालत दवाखान्यात जा' म्हणणं आहे.

आम्ही तत्त्वज्ञानवाले या गोष्टीत विशेष दोषी. स्मरण देहाचं, पण इच्छा मात्र आत्म्याची; स्मरण जाऊ शकतं, इच्छा कशी जाईल, असं आमच्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. आमचे नैयायिक यापेक्षा सावध होते. स्मृती काय आणि प्रयत्न काय, त्यांनी दोन्ही आत्म्याच्याच गुणांत एका पंक्तीला बसवले, एकाला पवित्र आणि दुसऱ्याला हलका मानलं नाही. आणि मन हे अणु आहे, एका वेळी त्याच्याकडून एकच ज्ञान होतं, हेही त्यांनीच सांगितलं. आपण वर्गात काय म्हणतो? 'वही काढा, तारीख टाका, मागचं उदाहरण पाहा, पुढचं सोडवा, आणि मागच्यांनो गप्प बसा.' पाच आज्ञा एका दमात. धडधाकट पोरं त्यातल्या तीन तरी पकडतात. मार लागलेलं पोर पहिलीवरच थांबलेलं असतं, आणि आपण म्हणतो, ऐकत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. सांगायची नव्हती, पण तेल्हाऱ्यात येऊन न सांगणं बरोबर नाही.

आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात या तालुक्यातला एक मुलगा होता. कापूस-तुरीचं कोरडवाहू शेत, खारपाण पट्ट्यातलं गाव. तर्कशास्त्रात असा मुलगा आम्हाला दहा वर्षांत मिळाला नव्हता. फळ्यावर संवाक्य अर्धं लिहिलं की याला त्यातला दोष दिसायचा. आम्ही त्याला पुढच्या वर्षाची पुस्तकं दिली, स्टाफरूममध्ये त्याची वाहवा केली. शिकवलं मात्र काही नाही. दुसऱ्या वर्षी गाडीवरून पडला. काही दिवस बेशुद्ध होता. चार महिन्यांनी परत आला, चेहरा तोच, आवाज तोच, चालणं तेच.

आम्ही परीक्षा म्हणून जुनं विचारलं. संवाक्याच्या आकृती त्याने घडाघडा सांगितल्या. आम्ही निश्चिंत झालो. मग नवीन भाग सुरू झाला आणि तो बसला. आज कळलेलं उद्या कोरं. दुपारच्या तासाला डोळे मिटायचे. एकदा वर्गात चिडून वही फेकली, जो मुलगा कधी मोठ्याने बोलला नव्हता. त्याचे वडील भेटायला आले, हातात टोपी. म्हणाले, "सर, याले काय झालं हो? डाक्टर तं म्हणते सारं ठीक हाय." आणि आम्ही, पीएच.डी. घेतलेले, त्यांना म्हणालो, "लक्ष उडालंय त्याचं. जरा रागे भरा." ते रागे भरले असतील. मुलगा पुढच्या सत्राला आला नाही.

आम्ही लूरिया वाचला तो त्यानंतर चार वर्षांनी. तोवर जुनं ज्ञान शाबूत राहतं आणि नवीन शिकणं मोडतं, हा डोक्याच्या मारानंतरचा अगदी नेहमीचा प्रकार आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. थकवा हे आळसाचं नाव नाही, तेही ठाऊक नव्हतं. पहिल्या चाचणीत जुन्या साठ्यावर मुलगा पास होतो आणि सगळे फसतात, मास्तर, आईबाप, आणि तो स्वतःही.

लहान मुलांत तर हे आणखी लपतं. सातव्या वर्षी पडलेलं पोर महिन्याभरात खेळायला लागतं. लहान आहे, भरून निघेल, असं सगळे म्हणतात. मग आठवी-नववीत, जेव्हा स्वतःहून अभ्यासाचा बेत आखायची वेळ येते, तेव्हा ते कोसळतं. मेंदूच्या ज्या भागाची गरज तेव्हा पडणार होती, तो भाग सात वर्षांपूर्वीच दुखावलेला असतो. आता तो मार कुणाला आठवतच नाही. सगळे म्हणतात, वयात आलं, बिघडलं. तुमच्यापैकी कुणाच्या वर्गात असं अचानक उतरणीला लागलेलं पोर असेल तर घरी जाऊन एवढंच विचारा, लहानपणी कधी डोक्यावर पडलं होतं का?

आता सिनेमा. आपल्या समाजाची डोक्याच्या माराबद्दलची समजूत पुस्तकांनी घडवलेली नाही, पडद्याने घडवली आहे. जुन्या सिनेमात डोक्याला फटका बसला की स्मृती जाते आणि दुसरा फटका बसला की परत येते. विनोद म्हणून सोडून देऊ. 2008 सालचा हिंदी 'गजनी' मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. नायकाच्या डोक्यात लोखंडी दांडा बसतो, आणि त्याला पंधरा मिनिटांपलीकडचं नवं काही आठवत नाही. मग तो फोटो, चिठ्ठ्या, अंगावरचं गोंदण यांवर जगतो. स्मृती डोक्याबाहेर ठेवायची, ही गोष्ट त्या सिनेमाने अगदी बरोबर पकडली. पण ती वापरली कशासाठी? सूड घेण्यासाठी. पीळदार अंग, राग आणि सूड. त्याला कुणी काही शिकवत नाही. शाळेत परत जाणाऱ्या पोराला, वेळापत्रक खिशात ठेवणाऱ्या बाईला, त्या सिनेमात जागा नाही.

त्याच्या वर्षभर आधी, 2007 साली, 'तारे जमीन पर' आला. त्यात इजा नाही, वाचनातली जन्मजात अडचण आहे, पण आपल्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो सिनेमा आम्हाला आवडतो, शिक्षकांनी पाहावा. तरी त्याचा शेवट आम्हाला खटकतो. ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो. त्याआधी शिक्षक वर्गाला यादी ऐकवतो, आइन्स्टाइन, लिओनार्दो, एडिसन. म्हणजे, बाबांनो, याला हसू नका, हा उद्या मोठा निघेल. आणि नाही निघाला तर? ईशानला चित्र काढता येत नसतं, तर त्या मास्तराने त्याच्याकडे पाहिलं असतं का? प्रेक्षकांनी? अपंगत्वाची भरपाई प्रतिभेने केली तरच मूल आपलं, असा हा हिशेब आहे. ज्याच्या हाती अशी कोणतीही कला नाही, ते पोर पडद्याबाहेर उभं आहे.

एसकडे सगळे 'पुढे कोण होईल' म्हणून पाहत राहिले, तोही स्वतःकडे तसंच पाहत राहिला. आमच्या विद्यार्थ्याकडे आम्ही 'आधी कोण होता' म्हणून पाहत राहिलो. आज, या तासाला, तो काय शिकू शकतो, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

कायद्याचंही थोडं पाहू. आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकार मोजतो. त्यात अपघाताने मेंदूला झालेली इजा हा प्रकार नावानिशी नाही. जुनाट मज्जाविकार आहेत, वाचा गेली असेल तर वाचादोष आहे. पण हातपाय चालतात, बोलतो नीट, फक्त शिकणं मोडलं आहे, अशा पोराला कोणत्या तरी दुसऱ्या नावाखाली बसवावं लागतं. अमेरिकेने 1990 साली आपल्या शिक्षणकायद्यात या इजेला स्वतंत्र प्रकार केलं, पण त्याच कायद्यात प्रज्ञावंत मुलांना जागा नाही. आपल्या 2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रज्ञावंतांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. ज्याने त्याने एकेक मूल उचललं आहे.

तर वर्गात काय करायचं? एक उदाहरण सांगतो, कारण ते आम्ही इकडच्याच एका शाळेत करून पाहिलं आहे. देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, 1905 ते 1986. जन्मभर शाळेत शिकवलं आणि आकड्यांशी खेळले. त्यांचा 6174 तुम्ही ऐकला असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 3524 घेतलं तर 5432 वजा 2345, उत्तर 3087. मग 8730 वजा 0378, उत्तर 8352. मग 8532 वजा 2358, उत्तर 6174. पुढे काहीही करा, 6174 च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतोच.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला वजाबाकी येते, ती जुनी आहे. त्याला पायऱ्या एका पुठ्ठ्यावर लिहून द्या, एका वेळी एकच पायरी उघडी, बाकी झाकलेली. आणि त्याला अंदाज करायला लावू नका. बॅडले आणि विल्सन यांनी 1994 साली दाखवलं की ज्यांची आठवण दुखावली आहे त्यांच्या मनात चुकीचं उत्तरच रुतून बसतं, कारण आपण चुकलो होतो हेच त्यांना आठवत नाही. म्हणून आधी बरोबर दाखवायचं, मग करू द्यायचं. सकाळच्या तासाला, पंधरा मिनिटं, मग विश्रांती. तो 6174 वर पोचतो. दर वेळी पोचतो.

हुशार पोराला नेमकं उलटं. त्याला पुठ्ठा देऊ नका. त्याला विचारा, तीन अंकांचं काय? तो धडपडेल, चुकेल, आणि 495 वर पोचेल. मग विचारा, दोन अंकांचं? तिथे एका जागी थांबत नाही, 9, 81, 63, 27, 45 असं चक्र फिरतं. तो वैतागेल. आमच्या त्या शाळेतलं पोर तीन दिवस वैतागलं होतं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लगेच आलं नव्हतं! एकाला चुकू न देणं आणि दुसऱ्याला चुकायला लावणं, आणि दोघांच्या वहीत धडा एकच. मास्तरला यासाठी वेगळी शाळा लागत नाही. साठ पोरांच्या वर्गात हे रोज जमेल असंही आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एकदा जमेल.

तो आमचा विद्यार्थी पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हाला इथेच, तेल्हाऱ्याच्या बाजारात भेटला. त्यानेच ओळखलं. शेती करतो म्हणाला. खिशात छोटी वही, दोरीने बांधलेला पेन. कुणाला किती द्यायचे, फवारणी कधी झाली, औषध घेतलं की नाही, सगळं त्यात. त्याला झासेत्स्की कुणी सांगितला नव्हता. आम्ही माफी मागायचा प्रयत्न केला, ती नीट जमली नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या सर. तुम्ही म्हणे मन लाव. मन तं होतंच सर. डोस्कं थके." मग वही काढून त्याने आमचं नाव आणि तारीख लिहून घेतली, आणि तर्कशास्त्रातलं एखादं सोपं पुस्तक आहे का म्हणून विचारलं, मुलीसाठी.

आम्ही पाठवलं. बरं, आता प्रश्न घेऊ. शिक्षक मंडळींनी आधी विचारावं.